ट्रॅकिंगमध्ये ‘डिलिव्हर्ड’, हातात काहीच नाही. पैसे परत कसे मिळवायचे?

धायरीफाटा

नमस्कार मंडळी,

एका मोठ्या शॉपिंग ॲपवरून मिक्सर मागवला होता. किंमत ७,४९९ रुपये, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. ट्रॅकिंगमध्ये परवा दुपारी १.४२ ला ‘डिलिव्हर्ड’ पडलंय. घरात माणसं होती, कोणी आलं नाही, ओटीपी आला नाही, वॉचमनकडे पार्सल नाही, शेजारी विचारून झालं. चॅटवर तक्रार टाकली तर आज उत्तर आलं की तपास पूर्ण झाला, आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचली आहे. तक्रार बंद.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘मिळालं नाही’ हे सिद्ध कसं करायचं? नसलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून? दुसरं, थेट बँकेकडे जावं की आधी कंपनीशीच भांडावं? आणि मिक्सर बदली मागावा की पैसे?

---

टपालहंशील

पहिल्या प्रश्नातच मेख आहे. तुम्ही काहीच सिद्ध करायचं नाहीये. वस्तू पोचवल्याचा पुरावा पोचवणाऱ्याकडे असतो आणि तो त्याने दाखवायचा असतो. चॅटवर तुम्ही ‘मिळालं नाही’ म्हणत राहता, ते ‘नोंद आहे’ म्हणत राहतात, आणि हा खेळ तेच जिंकतात. त्यामुळे प्रश्न बदला: ‘या पार्सलचा प्रूफ ऑफ डिलिव्हरी पाठवा.’ कुरिअरवाले त्याला पीओडी म्हणतात. मागताना एकेक गोष्ट नाव घेऊन मागा:

– कोणाच्या नावाने पार्सल दिलं आणि त्याचं तुमच्याशी नातं काय नोंदवलंय (‘सेल्फ’, ‘सिक्युरिटी’, ‘नेबर’ वगैरे)
– सही किंवा फोटो
– डिलिव्हरीची नोंद झाली तेव्हाचं जीपीएस ठिकाण, म्हणजे अक्षांश-रेखांश
– ओटीपीवाली डिलिव्हरी होती का? असेल तर ओटीपी कोणत्या नंबरवर गेला आणि किती वाजता वापरला गेला
– डिलिव्हरी बॉयने तुम्हाला केलेल्या कॉलची नोंद

बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या ॲपमध्ये यातल्या निदान दोन-तीन गोष्टी आपोआप साठतात. मागितल्या नाहीत तर कोणी उघडून बघत नाही. पहिल्या फळीतला चॅटवाला फक्त ‘डिलिव्हर्ड’ एवढा शब्द बघून तक्रार बंद करतो. त्याचा ‘तपास’ म्हणजे तेवढाच.

आता तुमच्या बाजूचं काम. हे आजच करा, उद्यावर टाकू नका.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये ठरावीक दिवसच राहतं, मग त्यावरच नवीन चढतं. कुठे आठवडाभर, कुठे महिनाभर, डिस्क केवढी आणि कॅमेरे किती त्यावर. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या: अमुक तारखेचं दुपारी १.०० ते २.३० गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून द्यावं. डीव्हीआरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतं, म्हणून वेळेला दोन्ही बाजूंनी सैल हात ठेवा. फुटेज काढतानाच डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एका फोटोत येऊ द्या. गेटवर व्हिजिटर ॲप असेल तर त्या तासाभरातल्या नोंदींचा स्क्रीनशॉट, वही असेल तर त्या पानाचा फोटो. सेक्रेटरी लेटरहेडवर दोन ओळी देत असतील (‘त्या दिवशी अमुक ते अमुक वेळेत या कुरिअरची गेटवर नोंद नाही’) तर सोन्याहून पिवळं.

ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट दोन ठिकाणचे घ्या. एक शॉपिंग ॲपमधला, दुसरा कुरिअरच्या स्वतःच्या साइटवरचा. ॲपमध्ये कुठेतरी एडब्ल्यूबी किंवा ट्रॅकिंग नंबर असतो, तो कुरिअरच्या साइटवर टाका. तिथे टप्पे जास्त सविस्तर दिसतात. शेवटचा स्कॅन भलत्याच हबमधला (कुरिअरच्या वाटप केंद्रातला) असेल तर तिथेच तुमची अर्धी केस झाली.

‘डिलिव्हर्ड’ खोटं का पडतं तेही सांगतो, कारण त्यावरून किती थांबायचं ते ठरतं. डिलिव्हरी बॉयला सकाळी रनशीट, म्हणजे त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी, मिळते. संध्याकाळपर्यंत त्यातलं प्रत्येक पार्सल कुठल्या तरी खात्यात टाकून शीट बंद करायची असते. पार्सलं उरली की ती परत हबला जमा करा, कारण द्या, वर बोलणी खा. त्यापेक्षा ‘डिलिव्हर्ड’ मारून दुसऱ्या दिवशी नेऊन देणं त्याला सोपं पडतं. असलं पार्सल साधारण २४ ते ४८ तासांत येऊन धडकतं. तुमचे दोन दिवस उलटलेत, म्हणजे हा प्रकार बहुधा नाही. मग राहतं चुकीच्या विंगेत किंवा सारख्या नावाच्या सोसायटीत दिलेलं, लेबलांची अदलाबदल, नाहीतर सरळ हडप. यातलं काय झालं ते शोधून काढणं तुमचं काम नाही.

---

नियम_चार

टपालहंशील यांना +१. यात कायद्याची बाजू घालतो.

‘ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०’ हे २३ जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यातल्या तीन-चार गोष्टी कामाच्या आहेत.

नियम ४ प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यायचा. या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार आल्यापासून एका महिन्यात ती सोडवायची. लोक करतात काय, तर चॅटवर आठ वेळा बोलतात आणि या अधिकाऱ्याला एकही मेल करत नाहीत. चॅटला या मुदती लागतील म्हणून भरवसा ठेवू नका, अधिकाऱ्याच्या मेलला त्या लागतात. साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ शोधा.

नियम ५ प्रमाणे मार्केटप्लेसने (म्हणजे इतर विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ॲपने) प्रत्येक तक्रारीला तिकीट नंबर द्यायचा आहे. नंबर नसलेलं आश्वासन म्हणजे हवेतली बात.

नियम ६ विक्रेत्यासाठी आहे. वस्तू सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही (उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी). उशिरा आलेल्या वस्तूवर हे लागू आहे, तर न आलेल्या वस्तूवर वाद तो कसला!

मेल असा लिहा. मराठीत लिहिलात तरी चालतो, पण इंग्रजीत लिहिला तर टेबलांवरून लवकर सरकतो हे खरं. मजकूर थोडका ठेवा:

‘ऑर्डर क्र. …, दिनांक …, रक्कम रु. ७,४९९. ट्रॅकिंगवर दि. … रोजी दुपारी १.४२ ला वस्तू पोचल्याची नोंद आहे. वस्तू मला किंवा माझ्या वतीने कोणालाही मिळालेली नाही. मला ओटीपी आलेला नाही. तिकीट क्र. … पीओडी न दाखवता बंद करण्यात आलं. कृपया (१) सही/फोटो, घेणाऱ्याचं नाव, जीपीएस ठिकाण आणि ओटीपीची नोंद पाठवावी, (२) ती नसल्यास संपूर्ण रक्कम मूळ पेमेंटच्या मार्गाने परत करावी. ही तक्रार ई-कॉमर्स नियम २०२० च्या नियम ४ अन्वये तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आहे.’

बस. संताप, ‘तुमच्यासारखी कंपनी’ वगैरे काही नको. हाच मेल पुढे ग्राहक आयोगात जोडपत्र म्हणून लागतो, तेव्हा तो थंड डोक्याने लिहिलेला असणं फायद्याचं. विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि जीएसटी नंबर बिलावर असतो, ते बिल आत्ताच उतरवून ठेवा. ऑर्डर रद्द झाल्यावर ॲपमधलं बिल कधी कधी दिसेनासं होतं. पत्ता अर्धवट असेल तर जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून विक्रेत्याचं कायदेशीर नाव बघता येतं.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येतं. उमंग ॲप किंवा हेल्पलाइनच्या पोर्टलवरून केली तर बिल, स्क्रीनशॉट जोडता येतात, म्हणून मी पोर्टलच सुचवेन. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीला सक्तीही करू शकत नाही. पण मोठ्या कंपन्यांकडे या तक्रारी बघणारी वेगळी टीम असते आणि चॅटवाल्यापेक्षा तिच्या हातात जास्त अधिकार असतात. फरक पडतो तो तिथे.

पोलिसांत एफआयआर करा, मग बघू, असं कंपनी म्हणाली तर घाबरू नका. परताव्यासाठी कायद्यात अशी अट नाही. पार्सल चोरीला गेलं असेल तर ते त्यांच्या ताब्यातून गेलं, फिर्याद त्यांनी करावी.

---

ताळेबंद

बँकेच्या बाजूबद्दल. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे दिले असतील तर ‘चार्जबॅक’चा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत घेण्याचा, मार्ग असतो. हा कायद्याचा हक्क नव्हे, कार्ड नेटवर्कचा नियम आहे. व्हिसामध्ये ‘वस्तू मिळाली नाही’ याचा कोड १३.१, मास्टरकार्डमध्ये हा प्रकार ४८५३ खाली येतो. मुदत साधारण १२० दिवस, आणि ती मोजतात वस्तू मिळायला हवी होती त्या तारखेपासून. प्रत्यक्षात तुमची बँक त्याआधीच अर्ज मागेल. रुपे कार्डाचे नियम एनपीसीआयचे (रुपे आणि यूपीआय चालवणारी संस्था) आहेत, मुदत बँकेला विचारून लेखी घ्या.

खोच अशी: विक्रेता ‘बदली वस्तू निघतेय’, ‘स्टॉक येतोय’, ‘रिफंड प्रोसेसमध्ये आहे’ असं गोड बोलून तीन-चार महिने काढतो, आणि मग चार्जबॅकची मुदतच संपलेली असते. कॅलेंडरवर ९० व्या दिवसावर खूण करा. तोवर काही झालं नाही तर बँकेत अर्ज गेलाच पाहिजे.

आधी कंपनी की बँक? आधी कंपनी, पण फार दिवस नाही. चार्जबॅकच्या फॉर्मवर ‘विक्रेत्याशी केव्हा संपर्क केला, त्याने काय सांगितलं’ हा रकाना असतोच. तो रिकामा असेल तर अर्ज परत येतो. शिवाय चार्जबॅक टाकल्यावर काही मार्केटप्लेस तुमचं खातं अडकवून ठेवतात. त्यामुळे तक्रार अधिकाऱ्याच्या मेलचं उत्तर, नाहीतर उत्तर न आल्याचा पुरावा हातात आला की मगच बँक.

फॉर्म भरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘अनधिकृत व्यवहार’ किंवा ‘फ्रॉड’ हा पर्याय निवडणं. व्यवहार तुम्हीच ओटीपी देऊन केलाय. फ्रॉड निवडलं की बँक आधी कार्ड बंद करते, नवीन कार्ड पाठवते, आणि पंधरा दिवसांनी कळवते की व्यवहार ओटीपीने झाला असल्याने दावा फेटाळला. निवडायचं ते ‘वस्तू/सेवा मिळाली नाही’.

बँक कधी कधी तात्पुरती रक्कम जमा करते. ती तुमची झाली असं समजून खर्चू नका. विक्रेत्याच्या बँकेला उत्तर द्यायला मुदत असते, आणि त्यांनी पीओडी लावला तर ती रक्कम परत वळती होते. म्हणूनच टपालहंशील म्हणतात तसा पीओडी तुम्ही आधीच मागून ठेवायचा. ‘घेणाऱ्याचं नाव सेल्फ, फोटोत भलतंच दार’ हे तुमच्या पहिल्याच अर्जात असेल तर विक्रेत्याचा पुरावा येण्याआधीच ढिला पडतो.

आता ईएमआय. नो-कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नाही. व्याजाएवढी सूट विक्रेता सुरुवातीलाच देतो आणि बँक ते व्याज सहा महिन्यांत तुमच्याकडून घेते. समजा व्याज ३०० रुपये असेल, तर कार्डावर ७,१९९ चाच व्यवहार पडतो आणि परतावाही ७,१९९ चाच येतो. त्यात काही कापलेलं नाही. पण तोवर बिलात लागलेलं व्याज, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत येत नाही. ती वेगळी मागावी लागते, आणि मागायची विक्रेत्याकडे, बँकेकडे नव्हे.

दुसरं, परतावा जमा झाला की ईएमआय आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. काही बँकांत होतो, काहींत परतावा नुसता जमेला पडतो आणि हप्ते चालूच राहतात. परतावा दिसला की बँकेला फोन करून ‘ऑर्डर रद्द, ईएमआय बंद करा’ सांगा आणि विनंती क्रमांक घ्या. तोवरचे हप्ते थकवू नका. मिक्सरपायी क्रेडिट स्कोअर खराब करण्यात काही शहाणपण नाही.

कंपनी म्हणते परतावा केला, कार्डावर दिसत नाही? तर एआरएन, म्हणजे कार्डावरच्या परताव्याचा संदर्भ क्रमांक, मागा, हा २३ अंकी असतो. यूपीआय असेल तर १२ अंकी आरआरएन किंवा यूटीआर. या नंबराशिवाय बँकेला शोधता येत नाही, आणि हा नंबर कंपनी देऊ शकत नसेल तर परतावा झालेलाच नाही असं समजा.

---

मिरजजंक्शन

ताळेबंद साहेब, यूपीआयने पैसे दिले असतील तर? रिझर्व्ह बँकेचा रोज १०० रुपये दंडाचा नियम आहे म्हणतात, तो लागतो का?

---

ताळेबंद

नाही लागत. तो २० सप्टेंबर २०१९ चा आदेश फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराकडे पेमेंट पोचल्याची खातरजमाच झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, उशिराला दिवसाला १०० रुपये. इथे पेमेंट व्यवस्थित पोचलंय, वस्तू नाही पोचली. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

यूपीआयमध्ये तो व्यवहार उघडून ‘तक्रार नोंदवा’ दाबा. व्यापारी खात्याला पैसे गेले असतील तर ‘वस्तू किंवा सेवा मिळाली नाही’ असा पर्याय मिळतो. ॲपमध्ये सापडला नाही तर बँकेत लेखी द्या. मात्र पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात गेले असतील (इन्स्टावरची दुकानं, व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवणारे) तर हा मार्ग जवळजवळ बंदच.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पण ती बँकेच्या वागण्याबद्दल असते, विक्रेत्याबद्दल नाही, हे ध्यानात ठेवा.

---

गुलाबजाम_कमी_पाक

एक महत्त्वाचं राहिलं. ‘अमुक कस्टमर केअर नंबर’ असं गूगलवर शोधून फोन करू नका. पार्सल न आल्याने वैतागलेला माणूस हेच तर या भामट्यांचं गिऱ्हाईक. रिफंडसाठी लिंक, स्क्रीन शेअर करणारं ॲप, क्यूआर स्कॅन, यूपीआय पिन यातलं काहीही मागितलं की फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो जायला.

अख्खी साइटच बोगस निघाली तर ग्राहक हेल्पलाइनमध्ये वेळ घालवू नका, १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. समोरच्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंतच ती गोठवता येते.

---

मिरजजंक्शन

आणखी एक शंका. मुलगा जर्मनीत आहे, त्याने तिथल्या कार्डाने इथल्या साइटवरून आमच्या मिरजेच्या पत्त्यावर वस्तू मागवली आणि ती आलीच नाही. तक्रार आम्ही करायची की त्याने?

---

वादीप्रतिवादी

काका, पैसे मुलाने दिलेत, ऑर्डर त्याच्या खात्यावर आहे, म्हणून तक्रारदार त्याला ठेवा आणि त्याने तुम्हाला अधिकारपत्र द्यावं. पुढची धावपळ तुम्ही करू शकता. वस्तू मिरजेला पोचायची होती, म्हणजे तक्रारीचं कारण अंशतः तिथेच घडलं, त्यामुळे सांगलीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. चार्जबॅक मात्र त्याच्या तिथल्या बँकेतूनच होईल.

आता आयोगाबद्दल एकूणच. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, हेल्पलाइनही थकली, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ‘सर्व वाद बेंगळुरूच्या न्यायालयातच’ किंवा ‘लवादाकडेच’ असं कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असलं तरी आयोगाचं दार त्याने बंद होत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते (आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून हे नवीन). लागणारे कागद: तारखांची यादी, तक्रारीचा मजकूर, प्रतिज्ञापत्र, बिल, पेमेंटचा पुरावा, ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट, मेल आणि त्याची उत्तरं, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक. प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही. साध्या वाटणाऱ्या याच गोष्टींवरून त्रुटी निघतात आणि तक्रार महिनाभर अडकते.

विरुद्ध पक्ष दोघांना करा: मार्केटप्लेस आणि विक्रेता. फक्त मार्केटप्लेसला केलं तर ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणत आयटी कायद्याचं कलम ७९ पुढे करतात. फक्त विक्रेत्याला केलं तर तो दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा गाळ्यात निघतो आणि नोटीस परत येते. कुरिअरला जोडावं का यावर मतं वेगळी आहेत. तुमचा व्यवहार त्याच्याशी नाही, पण पीओडीबद्दलच वाद असेल तर तिसरा पक्ष म्हणून जोडलेला बरा, असं माझं मत.

मागणी बेताची ठेवा. मूळ रक्कम, त्यावर व्याज, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल काही हजार. ७,४९९ च्या मिक्सरवर दोन लाखांची भरपाई मागितली की तक्रारीचं वजनच जातं. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, वर फार तर १५. कायदा म्हणतो वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावावा. प्रत्यक्षात जास्त लागतात, मनाची तयारी ठेवा. पण गंमत अशी की छोट्या रकमेच्या बऱ्याच प्रकरणांत नोटीस पोचल्यावर कंपनीच तडजोडीला येते, कारण तिचा वकील एका तारखेला मिक्सरपेक्षा महाग पडतो.

दुकानात विकायला माल मागवला असेल तर ‘ग्राहक’ या व्याख्येत बसायला अडचण येते. घरगुती वापर असेल तर बिलावर धंद्याचा जीएसटी नंबर टाकायची हौस करू नका.

---

टपालहंशील

धायरीफाटा यांचा तिसरा प्रश्न राहूनच गेला. बदली की पैसे? सेलमध्ये घेतलं असेल आणि आज तीच वस्तू दीड-दोन हजारांनी महाग असेल तर बदली मागा, नाहीतर फरक खिशातून जातो. पण बदलीसाठी मुदत घाला: ‘सात दिवसांत वस्तू न आल्यास पूर्ण परतावा’, असं त्याच मेलमध्ये. बदलीला तयार झालात की काही ॲपमध्ये परताव्याचं बटण नाहीसं होतं. बदली घेताना ओटीपीवाली डिलिव्हरी आणि ‘ओपन बॉक्स’ मिळत असेल तर तीच घ्या. ओटीपी सांगायच्या आधी डबा उघडून भांडी मोजा. ओटीपी दिला की ‘माल मिळाला’ हे तुम्हीच म्हटल्यासारखं होतं.

पैसे घेत असाल तर ‘मूळ पेमेंटच्या मार्गाने’ हेच निवडा. वॉलेटमध्ये किंवा शॉपिंग क्रेडिटमध्ये लगेच मिळतात म्हणून लोक तिकडे हात घालतात, आणि पैसे त्याच ॲपमध्ये अडकतात. तुमच्या बाबतीत ईएमआयही बंद करायचाय, म्हणून कार्डावरच.

आणि कोणाचं पार्सल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून माघारी जात असेल, म्हणजे ट्रॅकिंगवर आरटीओ (‘रिटर्न टू ओरिजिन’) दिसत असेल, तर गोदामात पोचेपर्यंत थांबू नका. तुम्ही नाकारलेलं नाही हे त्याच दिवशी लेखी कळवा, त्या वेळेचा मोबाइलचा कॉल लॉग जोडा. कॉल आलाच नव्हता हे त्यात दिसतं. ‘मॅनिफेस्टेड’वरच चार-पाच दिवस अडकलं असेल तर माल विक्रेत्याने कुरिअरला दिलेलाच नाही, फक्त लेबल छापलंय. तिथे वाद घालायचा नाही, सरळ ऑर्डर रद्द करायची.

---

धायरीफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, १९१५ च्या पोर्टलवरही नोंद केली. आज पीओडी आला! घेणारा: ‘सेल्फ’. फोटोत हिरवं लोखंडी जाळीचं दार आहे, आमचं लाकडी आहे. जीपीएसचे आकडे दिलेत पण मला वाचता येत नाहीत. ओटीपीबद्दल एक शब्द नाही. पुढे काय करू?

---

टपालहंशील

आकडे जसेच्या तसे, मध्ये स्वल्पविराम देऊन, गूगल मॅप्सच्या शोधपट्टीत टाका. खूण पडेल त्या ठिकाणापासून तुमच्या इमारतीपर्यंतचं अंतर मॅप्समध्येच मोजा आणि स्क्रीनशॉट घ्या. मोबाइलच्या जीपीएसमध्ये वीस-तीस मीटरची चूक होऊ शकते, उंच इमारतींमध्ये आणखी. त्यामुळे खूण शेजारच्या विंगेवर पडली तर त्यावर फार जोर देऊ नका, दाराच्या फोटोवर द्या. पण खूण दोन गल्ल्या पलीकडे पडली तर तेवढ्यानेच काम होईल. खूण जवळच पडली, तर त्या बिल्डिंगमध्ये हिरवं दार कोणाचं ते एकदा बघून या. पार्सल तिथे पडून असू शकतं.

मग त्याच मेलला, विषय न बदलता, उत्तर द्या: तुमच्या दाराचा नावाच्या पाटीसकट फोटो, मॅप्सचा स्क्रीनशॉट, व्हिजिटर ॲपची नोंद. खाली एकच ओळ: ‘आपण पाठवलेला पुरावा माझ्या पत्त्याचा नाही. ओटीपीची नोंद दिलेली नाही. सात दिवसांत रक्कम मूळ कार्डावर परत करून एआरएन कळवावा.’

हेल्पलाइनच्या तक्रारीत हाच पीओडी आणि हेच उत्तर वाढीव कागद म्हणून चढवा.

---

ताळेबंद

आणि तो हिरव्या दाराचा फोटो दोन ठिकाणी जपून ठेवा. चार्जबॅकपर्यंत गोष्ट गेली तर विक्रेता नेमका तोच फोटो ‘डिलिव्हरीचा पुरावा’ म्हणून लावेल.